कानाचा फिटर

इंजिन बंद पडलं, हे सटवाजीला सगळ्यात शेवटी कळलं. मान तिरकी करून, डावा हात अर्धवट वर धरून तो उभा होता, गेली तीस वर्षं कुठल्याही चालत्या इंजिनापाशी उभा राहायचा तसाच, आणि आवाज त्याच्या कानात चालू होता, बारीक, सरळ, कुठे न तुटणारा. मैदानाच्या मधोमध ती हातभर लांबीची लाल गाडी थांबली होती. इंजिन चालू ठेवून थांबवली असेल, असं त्याला वाटलं. मग त्याला दिसलं की कडुलिंबावरून उडालेल्या चिमण्या परत येऊन बसल्या आहेत, आणि भाचा चंद्रभान हातातला एरियलवाला डबा खाली करून आपल्याकडे बघतोय. चंद्रभानचे ओठ हलले. मामा, बंद पडली की. "हां," सटवाजी म्हणाला. हात खाली घेतला. मान सरळ केली. चंद्रभानने गाडी उचलून आणली, ओट्यावर ठेवली, फडक्याने पुसली, तरी आवाज चालूच होता, आणि तेव्हा सटवाजीला समजलं की इतका वेळ आपण जे जीव लावून ऐकत होतो ते इंजिन नव्हतंच.

कानात एक रातकिडा आहे, हे त्याला दोन-तीन वर्षांपासून माहीत होतं. पण तो उशीवर डोकं टेकल्यावर येतो, पहाटेपर्यंत राहतो, दुकानाची फळी काढली की जातो, अशी त्याची समजूत होती. जात नव्हता तर. दिवसभर इथेच असायचा, दुकानातल्या ठोकाठोकीखाली दबून, आणि आज भर सकाळी, उन्हात, एका इंजिनाच्या जागेवर जाऊन बसला होता. आणि सटवाजीने त्याला इंजिन म्हणून ऐकून घेतलं होतं. मान तिरकी करून.

"कसं वाटलं मामा? तेल जास्त व्हायलंय का कमी?" चंद्रभानने विचारलं. विचारताना तो सरळ समोर होता म्हणून शब्द पोचले.

कसं वाटलं. आवाज आला नव्हता असं नाही. सुरुवातीला आला होता, डब्यात कोंडलेल्या गांधीलमाशीसारखा, पण नुसतं बूड, शेंडा नसलेला. इंजिनाचं दुखणं शेंड्यावर असतं. बुडाला सगळी इंजिनं सारखीच.

"तेल जास्त हाय," सटवाजी म्हणाला. "धूर केवढा सोडायलं बघितलास न्हाई का? पाव फेरा आवळ."

आवाज बरोबर निघाला होता, खात्री असलेल्या माणसाचा. तो इतका सहज निघाला याचंच त्याला नवल वाटलं, आणि थोडी भीती. चंद्रभानने लगेच बारका पेचकस घेतला आणि सुईवर लावला. सुई म्हणजे तेलाच्या वाटेतला स्क्रू. आवळला की तेल कमी, सैल केला की जास्त. अडीच फेरे उघडी होती.

सव्वादोन.

हे इंजिन लिंबाएवढं होतं. काल संध्याकाळी चंद्रभानने पिशवीतून गाडी काढून पाटावर ठेवली तेव्हा सटवाजीला पहिल्यांदा हसूच आलं होतं. तीस वर्षांचा बाप्या, मिशीत एक पांढरा केस, मस्कतला क्रेनवर मेकॅनिक, चौदा दिवसांची रजा, आणि बॅगेत बायकोला साडी, मामीला दुलई, मामाला घड्याळ, आणि स्वतःला गाडी. नोकरी सोडून मायदेशी चाललेल्या एका गोऱ्या इंजिनिअरकडून घेतलेली. "खेळणं न्हाई मामा, खरं इंजिन हाय," असं तो तीनदा म्हणाला होता, आणि तिसऱ्यांदा म्हणताना त्याचे कान लाल झाले होते. सटवाजीची बहीण धुरपताबाई गेली तेव्हा चंद्रभान चार वर्षांचा. तेव्हापासून तो मामाच्याच घरी. त्याला खेळणं म्हणून काय मिळालं होतं? फाटकी वॉशरं, बेअरिंगच्या गोळ्या, आणि मामाच्या सायकलच्या नळीवर बसून बांधाबांधाने फिरणं. सटवाजीने मग हसू गिळून गाडी हातात घेतली, चाक फिरवून पिस्टन वर नेला, तर तो वरच्या टोकाला अडला. धरला म्हणायचा की. "सैल करावं लागतं, पेस्ट लावून घासू," असं म्हणून तो उठायलाच लागला, तसा चंद्रभानने त्याचा हात धरला. "मामा, ते तसंच असतंय. गार असताना अडतंय, तापलं की आपोआप मोकळं होतंय. घासलं तर कामातून गेलं." म्हणजे या इंजिनात अडणं ही तब्येत होती. ठिणगी नव्हती, नोझल नव्हता. माथ्यावरच्या प्लगात केसाएवढी तार. बॅटरीचा सेल लावून ती लाल करायची, दोरी ओढायची, इंजिनाने पेट घेतला की सेल काढून घ्यायचा. पुढे ती तार इंजिनाच्या स्वतःच्याच उबेवर लाल राहते. हे सटवाजीला फार आवडलं. आपल्याच उबेवर. रात्री जेवताना त्याने ते दोनदा बोलून दाखवलं होतं, आणि बायको, सरजाबाई, त्यावर काहीतरी म्हणाली होती, ताटाकडे बघत.

… … … … तुमी … … असं काहीतरी.

विमानात तेल आणू देत नाहीत. म्हणून इथे बनवावं लागलं. येता येता नांदेडच्या केमिकलच्या दुकानातून घेतलेलं मिथेनॉल, आणि घाण्यावरचं एरंडेल. चाराला एक. तिकडच्या डब्यातला तिसरा एक जिन्नस इथे मिळाला नाही, म्हणून तिकडे बसवलेली सुई इथे चालेना, आणि म्हणूनच चंद्रभान म्हणाला होता, "मामा, तुमी कान लावा. दोन मिनिटांचं काम हाय तुमचं." उद्या दुपारच्या गाडीने तो जाणार होता.

दुसऱ्यांदा दोरी ओढली. गाडी मैदानात सुटली, वळली, बाभळीपाशी धूळ उडवून परत फिरली. सटवाजी आता ऐकत नव्हता. बघत होता. मागच्या नळीतून निघणारा धूर निम्म्याने कमी झाला होता आणि त्याला बरं वाटत होतं, कारण धूर कमी होणं म्हणजे इंजिन सुधारणं, हे त्याच्या हाताला माहीत होतं; कालव्यावरची, विहिरीवरची, पाच घोड्यांची दीडशे-दोनशे डिझेल इंजिनं त्याने अशीच सुधारली होती. काळा धूर दिसला की शेतकऱ्याला आपला पैसा आभाळात जाताना दिसायचा. सटवाजी पंप आवळायचा, धूर विरळ व्हायचा, शेतकरी चहा मागवायचा. पण ते शेवटचं. आधी कान. धूर बघून तर कुणीही सांगेल, गिऱ्हाईकसुद्धा. उस्ताद म्हणायचे, आँखां बंद कर, फिर बोल. देखनेवाले भौत हैं. एकोणिसाव्या वर्षी तो परभणीत उस्तादांच्या हाताखाली लागला, तेव्हा पहिले सहा महिने त्याला पान्याला हात लावू दिला नव्हता. गॅरेजच्या दारात पाठमोरं बसवायचे आणि आत इंजिन लावायचे. बोल, क्या दुखता इसकू? आणि सटवाजी सांगायचा. हळूहळू बरोबर सांगायला लागला. पुढे पिंगळीच्या स्टेशनात गाडीतून उतरता उतरता लांबच्या मळ्यातलं इंजिन ऐकून त्याने "ह्याचा नोझल गळायलाय" म्हटलं होतं, बरोबरच्या लोकांनी जाऊन बघितलं तर गळत होता, आणि तेव्हापासून लोक त्याला कानाचा फिटर म्हणायला लागले. ज्या घरांत त्याला पाणी वरून ओतून दिलं जायचं तिथेही त्याचा कान चालायचा. कानाला शिवाशिव नव्हती.

गाडी दीड फेरीत थांबली. या वेळी त्याने चिमण्यांकडे बघितलं.

चंद्रभानने बोट थुंकीने ओलं करून इंजिनाच्या माथ्याला लावलं आणि झटकन मागे घेतलं. "लय तापलं मामा." तो जरा थांबला. "तिकडं तर चालताना धुराची रेघ राहायची मागं."

"तिकडचं तेल येगळं."

"ते बी खरंच."

"अजून पाव फेरा घे."

"घेतो," चंद्रभान म्हणाला. सुईला पेचकस लावला. मग मान वर न करता बोलला, पण जवळ होता म्हणून निम्मं कळलं आणि निम्मं सटवाजीने जुळवलं: पिस्टन एकदा धरला तर गेलं, हिकडं काहीच भेटणार न्हाई. ही तक्रार नव्हती. मामाला माहिती असावी म्हणून सांगितलेलं. त्याच्या मनात शंका आली असती तर सटवाजीला सोपं गेलं असतं. शंका आलेल्या माणसाशी भांडता येतं.

दोन.

तेवढ्यात मैदानाच्या कडेने एक हवालदार सायकल हातात धरून आला. विद्यापीठाचं नामांतर या वेळी होणारच असं सगळे म्हणत होते, म्हणून आठ दिवस परभणीत जागोजाग बंदोबस्त होता, दुकानं कधी उघडी कधी बंद, आणि बाटलीतून काहीही नेणाऱ्याला थांबवत होते. हवालदाराने आधी एरियल बघितली, मग बाटली.

"वायरलेस हाय का हे?"

"खेळण्याची गाडी हाय साहेब," चंद्रभान म्हणाला. "ह्या डब्यावर चालती."

"आन् बाटलीत? पेट्रोल?"

"स्पिरिट आन् एरंडेल."

"एरंडेल?" हवालदाराने बाटलीचा वास घेतला आणि तोंड वाकडं केलं. "मग पोट साफ होत आसंल गाडीचं."

"झालंय म्हनूनच बंद पडायली," चंद्रभान म्हणाला, आणि दोघं हसले. सटवाजीही हसला, जरा उशिरा. हवालदार त्याच्याकडे निरखून बघत होता. त्याने काहीतरी विचारलं, सायकलची घंटी अंगठ्याने पुसत, खाली बघत. … … … ना? सटवाजी म्हणाला, "इथंच, हे मागचं घर." हवालदार गोंधळला. चंद्रभानने मध्येच उत्तर दिलं, "हां, तेच. कानाचे फिटर. मामा हायत माझे."

"मी बोरीचा, भुजंग," हवालदार आता मोठ्याने म्हणाला. "आमच्या इंजिनाला तुमीच आला हुता. बा अजून नाव काढतो. चावडीपशी उभं राहून वळखलं हुतं म्हनी."

"व्हय," सटवाजी म्हणाला. आठवत नव्हतं. किंवा इतक्या वेळा ओळखलं होतं की कुठलं कुठलं ते वेगळं करता येत नव्हतं. हवालदार गेला. जाताना म्हणाला असावा की लवकर आटपा, दुपारी मोर्चा आहे, कारण चंद्रभानने सेल दाबून बघितला, तार नीट लाल होत नव्हती, आणि मामाला तोंडासमोर येऊन सांगितलं: "दुकानं बंद व्हायच्या आत सेल आनतो. तवर गार होऊ द्या." तोंडासमोर येऊन. सगळे असेच बोलतात की हा मुद्दाम आला, याचा सटवाजी विचार करत राहिला, चंद्रभान कोपऱ्यावरून वळला तरी.

मग तो ओट्यावर इंजिनासमोर बसला. आजूबाजूला कुणी नाही असं बघून त्याने गाडी विटेवर ठेवली, चाकं अधांतरी, आणि मोठा पेचकस घेतला. इंजिनावर टोक आणि मूठ कानाच्या हाडावर, ही फिटरची जुनी रीत. हाडातून आवाज आत जातो. आधी उजवा कान, मग डावा. चाक हाताने फिरवलं. आत काहीतरी हललं, लांब, घोंगडीखाली कुणी कूस बदलावी तसं. रातकिडा वर बसून होता. नाकाला मात्र सगळं येत होतं. जळक्या एरंडेलाचा वास अजून नळीपाशी होता, गोडसर, थोडा खरपूस, आणि त्या वासात आई चुलीपुढे बसून भाजलेल्या एरंड्या कुटत होती, पाण्यात उकळून वर आलेलं तेल पळीने काढत होती, तिच्या बांगड्या पळीला लागून वाजत होत्या, आणि त्या बांगड्यांचा आवाज सटवाजीला आत्ता, या क्षणी, स्वच्छ ऐकू येत होता, शेंड्यासकट. म्हणजे जुने आवाज शाबूत होते. नवे येत नव्हते एवढंच.

जुन्यांत तो ट्रॅक्टरही होता.

पंधरा वर्षं झाली. तेव्हा ते गावात राहत. विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव द्यायचं ठरलं म्हणून गावोगाव जाळपोळ चालू होती, आणि त्यांच्या गावात अजून काही झालं नव्हतं. दिवस मावळत होता. सटवाजी दारात हात धुत होता आणि त्याने सडकेवर ट्रॅक्टर ऐकला. आठच दिवसांपूर्वी त्याने तो दुरुस्त केला होता. मालकाला घाई होती, नवा पार्ट यायची वाट बघायला तयार नव्हता, म्हणून एक टॅपेट किंचित सैल राहिला होता, टिक, टिक, चौथ्या ठोक्याला. मागे ट्रॉली होती, भरलेली. आणि ओझं हलत होतं. धान्याचं ओझं इंजिनावर एकसारखं येतं, माणसांचं पुढेमागे होतं. सटवाजीने तांब्या खाली ठेवला. ट्रॅक्टर वेशीत येईपर्यंत वस्तीतली अकराच्या अकरा घरं ज्वारीत शिरली होती. घरं गेली. माणूस एकही गेलं नाही. ज्वारीत पालथं पडून त्याने पंधरा वर्षांच्या चंद्रभानच्या तोंडावर हात ठेवला होता, आणि त्या हातावर पोराचा गरम श्वास येत होता, जात होता, आणि ताटांच्या पलीकडे तो टॅपेट वाजत होता. नंतर पोलिसांनी विचारलं, कुणाला बघितलं? सटवाजी म्हणाला, अंधार होता, न्हाई बघितलं. खरंच होतं. काय ऐकलं, ते कुणी विचारलं नाही. सरजाबाई शेजारी बसली होती. पोलीस गेल्यावर ती एवढंच म्हणाली, "आवाज बी साक्षच आसती." तो बोलला नाही. महिनाभरात ते परभणीला आले. त्यावर ती पुन्हा कधी बोलली नाही. दुसरं सगळं बोलायची, खूप बोलायची, आणि गेल्या दोनेक वर्षांत तेही कमी झालं. चुलीकडे तोंड करून पुटपुटायची, शब्द अर्धे गिळायची, हसणं संपलं. पन्नाशीला बाईमाणसाचं जुनं वर येतं, असं त्याने स्वतःला सांगितलं होतं. ट्रॅक्टरच्या मालकाचं नाव माझ्या पोटात राहिलं, तेच तिच्या पोटात फिरतंय. आणि त्याने विचारलं नव्हतं, कारण विचारलं असतं तर तिने सांगितलं असतं.

ती ओट्यावर कप ठेवून उभी होती. कधी आली ते कळलं नाही. सटवाजीने पेचकस कानावरून काढला, जसा काही कान खाजवत होता.

… … चहा … … गार … …

"ठेव," तो म्हणाला. आणि ती बघत होती म्हणून, किंवा चंद्रभान यायच्या आत काहीतरी करून दाखवायला हवं म्हणून, त्याने उरलेला सेल प्लगला लावला. सेलात एका वेळेपुरता जीव असेल नसेल. सुई दोनवर होती. अजून पाव फेरा आवळला की उरलेला धूरही जाईल, असं हात म्हणत होता. पिस्टन धरला तर गेलं, असं चंद्रभान म्हणाला होता. हात पेचकसावर गेला आणि तिथेच राहिला. आयुष्यात पहिल्यांदा त्याला इंजिनाची भीती वाटली. सुईला न लावताच त्याने दोरी ओढली. एकदा, दोनदा. तिसऱ्यांदा चाकं फिरायला लागली. धूर जवळजवळ नव्हताच. छान.

सरजाबाईने गळ्याला हात लावला.

तिचं तोंड वाकडं झालं होतं, कोरडा घास अडकलेल्या माणसाकडे बघताना होतं तसं. ती काहीतरी बोलली. सटवाजी बघत राहिला. मग ती ओट्याला वळसा घालून, दोन पायऱ्या उतरून, बरोब्बर त्याच्यासमोर येऊन उकिडवी बसली, आणि एकेक शब्द वेगळा काढून म्हणाली, "कोरड पडल्यावानी केकाटायलंय. पानी मागायलंय ते."

त्याने बारका पेचकस उचलला. सुई पाव फेरा उलटी फिरवली. सव्वादोन. ती इंजिनाकडे कान करून बसली, मान तिरकी नाही, सरळ, पोराचं रडणं ऐकावं तशी. हात हलवला: अजून. त्याने अजून फिरवली, किंचित. अजून. मग तिने तळवा आडवा धरला, थांबा. आणि तोंड वाकडं केलं. "आता तोंडात पानी घेऊन बोलायलंय. गुळगुळ." त्याने केसभर परत घेतली. तो आता इंजिनाकडे बघतच नव्हता. तिच्या चेहऱ्याकडे बघत होता. तिथे सगळा शेंडा होता, वर जाणारा, तुटणारा, सावरणारा. कपाळावरची आठी गेली. गळ्यावरचा हात मांडीवर आला.

"आता जेवल्यावानी बोलायलंय," ती म्हणाली.

त्याने सेल काढून घेतला. तिचा चेहरा बदलला नाही. चाकं फिरत राहिली. नळीतून धुराची निळसर बारीक रेघ निघत होती, सरळ, आणि त्याच्या हाताला ती आवळावीशी वाटत होती, आणि त्याने हात मांडीखाली दाबून धरला. सव्वादोन आणि वर थोडं. या इंजिनाला धूर लागत होता. धूर होणारं एरंडेलच त्याचं वंगण होतं.

"कवापसून म्हाईत हाय तुला?" त्याने विचारलं.

"काय?"

"माझं."

तिने इंजिनाकडे बघितलं, मग परत त्याच्याकडे तोंड केलं. "कुकरच्या शिट्ट्या मोजायच्या सोडल्या तुमी तवापसून. दुकानातून ओरडायचा की, तीन झाल्या, काढ म्हनून. दोन वर्सं डाळीची पेज खायलाव, कळलं न्हाई का?"

"मग बोलली न्हाईस?"

"बोलले की. रोज बोलले. तुमाला आलं न्हाई ऐकू."

हे ती इतक्या साधेपणाने म्हणाली की त्याला हसावं की काय करावं कळेना. दोन वर्षं. चुलीकडे तोंड करून ती पुटपुटत नव्हती तर. बोलत होती, पूर्ण वाक्यं, त्याच्यापाशी येईपर्यंत ज्यांची वरची टोकं गळून जात होती. कसली वाक्यं असतील. डाळीची, दुखण्याची, शेजारच्या पोरीच्या लग्नाची. किंवा काल रात्रीचं, आपल्याच उबेवर, त्याच्यावर ती काय म्हणाली होती?

"मला वाटलं," तो म्हणाला, "तू त्या टॅक्टरचं मनात धरलंस. म्हनून गप ऱ्हातीस."

"धरलंय की," सरजाबाई म्हणाली. "ते बी धरलंय. पर त्याच्यापायी गप कामून बसू मी? गप तुमी बसला हुता."

इंजिन चालू होतं. तिच्या गालावर त्याची थरथर दिसत होती, किंवा ऊन असेल. तिने पदराने गाडीच्या टपावरची धूळ पुसली.

"डागदराला दाखवू," ती म्हणाली. "मशीन भेटती म्हनं कानाची."

"फिटरच्या कानात मशीन?"

"मग काय, फिटरच्या बायकूला गळ्यात बांधून न्या इंजिनावर. मी सांगंन काय दुखायलंय ते."

कोपऱ्यावर चंद्रभान दिसला. शर्टाच्या खिशात सेल, जड झालेला खिसा हाताने धरलेला. तो तिथेच थांबला आणि मग चालत नाही, पळत आला, तीस वर्षांचा बाप्या, आणि गाडीपाशी गुडघ्यावर बसला. डोळे मिटले. मान तिरकी केली. अगदी तशीच. कुणाकडून शिकला ते विचारायची गरज नव्हती.

"आसाच," तो म्हणाला. "आसाच वाजायचा तिकडं. मामा, म्या मस्कतमधी सगळ्याला सांगतो, आमच्या मामाचा कान म्हंजे—"

सरजाबाई उठली. गार झालेला कप उचलला आणि घराकडे चालायला लागली. ती काही बोलणार नव्हती, तिने ते त्याच्यावर सोडलं होतं, आणि तिच्या पाठीवरून ते स्पष्ट दिसत होतं. उद्या दुपारी चंद्रभान जाईल. तिकडे लोखंडी खाटांच्या खोलीत, वाळवंटात, मामाचा कान शाबूत राहील, मळ्यातलं इंजिन स्टेशनावरून ओळखणारा, ज्वारीत अकरा घरं नेणारा. त्याला तिथे काहीच होणार नाही, कुणी तपासायला येणार नाही. इथे फक्त हां म्हणायचं होतं. गेली दोन वर्षं तो हां म्हणतच होता.

"कान माझा न्हाई," सटवाजी म्हणाला. "मामीचा हाय तुझ्या. तिनं बसवली सुई. मला वरचा आवाज येत न्हाई चंद्रभान. सकाळपसून धूर बघून सांगायलोय तुला. उलटं सांगायलोय. धरला आसता पिस्टन."

तो किती मोठ्याने बोलला ते त्याला कळलं नाही. बरंच मोठ्याने असावं, कारण सरजाबाई दारात थांबली. चंद्रभानने डोळे उघडले. मामाकडे बघितलं, मग गाडीकडे. तेलाची नळी चिमटीत धरली. चाकं मंदावली, थांबली. धुराची रेघ थोडा वेळ राहिली. मग त्याने मान खाली घातली आणि तो बोलायला लागला, जमिनीकडे, थांबत थांबत, बराच वेळ. सटवाजीला त्याच्या डोक्यावरचा भोवरा दिसत होता आणि खांदे. काही शब्दांची बुडं आली. मामा असं एकदा आलं. ज्वारी आलं असेल, किंवा वारी, किंवा दुसरंच काही. एरवी तो म्हणाला असता, हां. व्हय. चालायचंच.

"चंद्रभान," तो म्हणाला. "मला ह्यातलं काय बी आलं न्हाई. मान वर कर. हिकडं बघून बोल."

चंद्रभानने शर्टाच्या बाहीने नाक पुसलं, मान वर केली, आणि पहिल्यापासून सांगायला लागला.